एका प्राध्यापिकेचे आयुष्य लिहिताना

आमच्या विभागात अनेक वर्षे मानसशास्त्र शिकवलेल्या प्राध्यापिकेच्या निधनानंतर त्यांच्या आयुष्याचा विश्वासार्ह वृत्तांत लिहून काढावा, असे त्यांच्या कुटुंबाने आणि विभागाने मिळून ठरवले आणि ते काम माझ्याकडे आले. मी त्यांची विद्यार्थिनी. पुढे त्यांच्याच शेजारच्या खोलीत बसून तोच विषय शिकवू लागले. आम्ही सगळे त्यांना मॅडम म्हणत असू. पुस्तिका केवळ घरच्यांसाठी, विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या वस्तीतल्या लोकांसाठी असल्याने त्यांचे नाव बाहेर छापू नये अशी कुटुंबाची इच्छा आहे, म्हणून येथेही मी त्यांचा उल्लेख मॅडम असाच करते. हा लेख त्या पुस्तिकेचा सारांश नाही. एखाद्या माणसाचे आयुष्य इतरांच्या आठवणींतून उभे करताना काय काय करावे लागते आणि ते करताना मॅडमविषयी मला काय नव्याने कळले, ते येथे लिहीत आहे.

काम स्वीकारताना मी एक अट घातली. मुलाखत कशी घ्यावी, आठवणीवर किती विश्वास ठेवावा आणि गोपनीयता कशी सांभाळावी याचे जे नियम मॅडमनी आम्हाला शिकवले, तेच त्यांच्या आयुष्याला लावायचे. श्रद्धांजलीच्या लेखांत माणूस बहुधा विशेषणांखाली दबून जातो. 'प्रेमळ', 'शिस्तप्रिय', 'समाजाभिमुख' हे शब्द कोणालाही लावता येतात. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1942 मध्ये पत्रे, रोजनिशा आणि आत्मकथने यांचा मानसशास्त्रात अभ्याससाहित्य म्हणून उपयोग कसा करावा याची सविस्तर चर्चा केली होती, आणि मॅडम पदव्युत्तर वर्गात ती आवर्जून शिकवत. एका व्यक्तीचे आयुष्य हाही अभ्यासाचा गंभीर विषय आहे, मात्र त्याला पुराव्याची शिस्त हवी, असे त्यांचे मत होते. मीही तेथूनच सुरुवात केली.

सर्वांत आधी कागदपत्रांची विभागणी केली. घरातल्या कपाटात आणि विभागातल्या खोलीत व्याख्यानांच्या वह्या, सभांच्या नोंदी, विद्यार्थ्यांची पत्रे आणि काही बंद पाकिटे होती. मॅडम उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ नव्हत्या, प्राध्यापिका होत्या. तरीही वस्तीतले लोक त्यांच्याकडे मन मोकळे करायला येत आणि अशा भेटींनंतर त्या स्वतःपुरती टिपणे करत. ती पाकिटे मी उघडली नाहीत. त्यांच्या पतींशी बोलून, त्यांच्या समक्ष ती नष्ट केली. वृत्तांताच्या दृष्टीने त्यांत मोलाचे साहित्य असणार हे मला ठाऊक होते, पण तेथे ज्यांचे दुःख लिहिलेले होते त्यांनी ते मॅडमवर विश्वास ठेवून सांगितले होते, माझ्यावर नाही. ज्यांना स्वतःहून आपला अनुभव सांगायचा होता, त्यांच्यासाठी दार उघडे ठेवले आणि छापण्यापूर्वी त्यांचा मजकूर त्यांना दाखवण्याचे वचन दिले.

त्यानंतर आठवणी गोळा करण्याचे काम सुरू झाले. कोणालाही एकत्र बोलावून आठवणी सांगायला लावायचे नाही, हे मी पहिल्याच दिवशी ठरवले. आप्तांनी एकत्र बसून आठवणी काढणे मनाला फार दिलासा देते आणि तशी बैठक आम्ही नंतर घेतलीही. परंतु वृत्तांतासाठी ती आधी घेणे घातक ठरले असते. फिओना गॅबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकाच घटनेची थोडी वेगळी चित्रफीत दोघांना दाखवून त्यांना आपसांत चर्चा करू दिली, तेव्हा चर्चा केलेल्यांपैकी 71 टक्के लोकांनी स्वतः न पाहिलेली किमान एक गोष्ट आपण पाहिली म्हणून सांगितली. खोटे बोलण्याचा कोणाचाही हेतू नव्हता. म्हणून मी प्रत्येकाला एकटे भेटले आणि त्याआधी शक्य असेल त्यांच्याकडून काही पाने लिहून घेतली.

भेटीत माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असे: 'मॅडमविषयी जे आठवेल ते, ज्या क्रमाने आठवेल त्या क्रमाने सांगा.' मध्ये थांबवायचे नाही, पुस्ती जोडायची नाही, मान डोलावून पसंतीही दाखवायची नाही. शेवटची गोष्ट मला सर्वांत कठीण गेली, कारण समोरचा माणूस माझ्याही गुरूंविषयी बोलत असे. प्रश्नाच्या शब्दरचनेने आठवण कशी वळते हे एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी 1974 मध्ये दाखवले आहे. मोटारींच्या टकरीची तीच चित्रफीत पाहिलेल्या लोकांना 'मोटारी एकमेकींना धडकल्या' असे विचारले आणि 'मोटारी आदळून चक्काचूर झाल्या' अशा अर्थाचे क्रियापद वापरून विचारले, तर वेगाचे अंदाज बदलले; इतकेच नव्हे, तर आठवड्याने 'फुटलेली काच दिसली का' असे विचारल्यावर, चित्रफितीत काच फुटलेली नसतानाही, तीव्र शब्द ऐकलेल्या 50 जणांपैकी 16 जण 'हो' म्हणाले, तर सौम्य शब्द ऐकलेल्या 50 जणांपैकी 7. 'मॅडम विद्यार्थ्यांसाठी किती झटत असत ना?' असा प्रश्न मी विचारला असता, तर मला हवे तेवढे झटणे जमा झाले असते.

मोकळेपणाने सांगून झाल्यावर मी माणसाला त्या काळाच्या परिस्थितीत नेण्याचा प्रयत्न करी: खोली कोणती होती, आणखी कोण होते, त्या दिवशी तुमच्या मनात काय चालले होते. रोनाल्ड फिशर आणि एडवर्ड गाइसेलमन यांनी 1980च्या दशकात साक्षीदारांसाठी विकसित केलेल्या मुलाखतपद्धतीतला हा भाग आहे आणि दुःखात असलेल्या माणसालाही तो सोसतो, कारण त्यात उलटतपासणीचा वास नसतो. काही जणांना यानंतर बोलता येईना. अशा वेळी आम्ही थांबत असू आणि त्या दिवशी पुन्हा तो विषय काढत नसू.

तारखांचा घोळ मात्र सर्वत्र होता आणि त्याचे मला नवल वाटले नाही. विलेम वागेनार या डच मानसशास्त्रज्ञांनी सहा वर्षे रोज आपल्या आयुष्यातल्या घटना नोंदवून नंतर स्वतःचीच स्मृती तपासली. 1986 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात काय घडले, कोण होते, कोठे घडले यांच्या धाग्याने घटना आठवत. नुसत्या केव्हा या धाग्याने मात्र फारसे काही हाती लागत नसे. मॅडमच्या मोठ्या दिरांनी अतिशय ठामपणे सांगितलेला एक प्रसंग सभांच्या वहीप्रमाणे काही वर्षे नंतरचा निघाला. ठामपणा हा खरेपणाचा पुरावा नसतो. 1986 मध्ये चॅलेंजर अवकाशयान कोसळल्यानंतर दुसऱ्याच सकाळी उल्रिक नायसर आणि निकोल हार्श यांनी विद्यार्थ्यांकडून ती बातमी आपल्याला कशी कळली हे लिहून घेतले आणि सुमारे अडीच वर्षांनी पुन्हा विचारले. तेव्हा अनेकांचे कथन पहिल्या लिखाणाशी जुळत नव्हते, पण त्यांची खात्री भक्कम होती. पुस्तिकेत तारीख कागदावरून घ्यायची आणि प्रसंगाचा अर्थ माणसाकडून घ्यायचा, अशी वाटणी मी केली. दिरांना ती पटली आणि वही पाहून त्यांनीच आपल्या कथनात दुरुस्ती केली.

घरच्यांशी बोलताना या कामाचा खरा कस लागला. मॅडमच्या सासूबाईंना अखेरच्या काळात विस्मरणाचा आजार होता आणि त्यांची शुश्रूषा बरीच वर्षे चालली. घरात एक मानसशास्त्राची प्राध्यापिका असताना निदानासाठी बाहेर कशाला जायचे, असे काही नातेवाइकांना तेव्हा वाटले होते. मॅडमनी सासूबाईंची एकही चाचणी स्वतः घेतली नाही. ज्यांच्याशी आपले दुसरे नाते आहे त्यांचे आपण मूल्यमापन किंवा उपचार करू नयेत, हा व्यवसायाचा नियम त्यांनी घरातही पाळला आणि त्यांना तज्ज्ञांकडे नेले. त्यांच्या पतींनी मला सांगितले की त्या निर्णयाने घरात थोडा काळ नाराजी होती. परंतु त्यामुळेच सासूबाईंना एक सून मिळाली, परीक्षक मिळाली नाही. मॅडमने स्वतःकडे घेतलेले काम वेगळे होते. त्या रोज संध्याकाळी सासूबाईंना त्यांच्या तरुणपणाविषयी बोलते करत. वयाच्या साधारण दहा ते तीस वर्षांच्या काळातल्या आठवणी उतारवयात तुलनेने अधिक येतात, हे आत्मचरित्रात्मक स्मृतीच्या संशोधनात पुनःपुन्हा दिसले आहे आणि रॉबर्ट बटलर या वृद्धविकारतज्ज्ञांनी 1963 मध्येच म्हाताऱ्या माणसांचे मागे वळून पाहणे ही रोगाची खूण न मानता ती आयुष्याचा आढावा घेण्याची स्वाभाविक प्रक्रिया मानावी, असे मांडले होते. मॅडमना हे पाठ होते. घरच्यांना मात्र एवढेच दिसत होते की सासू-सुना दिवेलागणीला गप्पा मारतात.

सासूबाईंची सेवा मुख्यत्वे कोणी केली, या प्रश्नावर मला प्रत्येकाकडून वेगळे उत्तर मिळाले. पतींना वाटत होते की रात्रीची जागरणे त्यांनीच केली. मुलीला वाटत होते की शाळा सुटल्यावरचा सारा वेळ तिचाच गेला. नणंदेला आपण दर सुट्टीत येऊन सगळा भार उचलत होतो असे आठवत होते. कोणीही फुशारकी मारत नव्हते. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी 1979 मध्ये विवाहित जोडप्यांना घरातल्या कामांतला आपापला वाटा विचारला, तेव्हा दोघांच्या वाट्यांची बेरीज बहुतेक कामांत पूर्णाहून अधिक आली, कारण स्वतः केलेले काम माणसाला सहज आठवते आणि दुसऱ्याने केलेले त्याच्या नजरेआडच घडलेले असते. मी तिघांचीही कथने त्यांच्याच शब्दांत शेजारीशेजारी छापली आणि हिशेब केला नाही. एका घरातल्या तीन माणसांना आपण खूप केले असे वाटते, याचा अर्थ त्या घरात खूप केले जात होते, असे मला मनापासून वाटते.

मुलीने एक कडवट गोष्टही सांगितली आणि ती छापावी असा तिचा आग्रह होता. आईकडे विद्यार्थ्यांसाठी जो धीर असे तो घरी येईपर्यंत संपलेला असे. परीक्षांच्या काळात ती जेवणाच्या वेळीही उत्तरपत्रिका तपासत असे आणि आपण काही सांगू लागलो की 'जरा थांब' म्हणत असे. कुटुंबासाठी वाहून घेतलेली माणसे सदैव कुटुंबासाठी मोकळी असतात असे नाही. विभागातल्या काही सहकाऱ्यांना हा परिच्छेद नको होता. मी तो ठेवला, कारण त्यापुढचा भागही मुलीनेच सांगितला होता: एका वर्षी मॅडमनी तिची ही तक्रार शांतपणे ऐकून घेतली, रात्रीच्या जेवणानंतरचा वेळ कामापासून पूर्ण तोडला आणि तो नियम निवृत्तीपर्यंत मोडला नाही. हा परिच्छेद वगळला असता तर त्या नियमाचे मोल वाचकाला कळलेच नसते.

वस्तीतल्या कामाचा भाग लिहिण्यासाठी मला सर्वाधिक साहित्य मिळाले ते सभांच्या वह्यांतून. आजारी वृद्धांची काळजी घेणाऱ्या घरच्या माणसांचा एक गट मॅडमनी सासूबाईंच्या आजारपणातच सुरू केला होता आणि तो एका शाळेच्या वर्गखोलीत दर आठवड्याला भरत असे. वह्या चाळताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली: प्रत्येक ठरावाखाली, कितीही लहान काम असो, एका माणसाचे नाव लिहिलेले होते. 'सर्वांनी लक्ष ठेवावे' असे एकही वाक्य नाही. हे कोठून आले ते त्यांच्या प्रत्येक विद्यार्थ्याला कळेल. जॉन डार्ली आणि बिब लटाने यांच्या 1968 मधील प्रयोगात, दुसऱ्या खोलीतल्या माणसाला झटका आल्याचे ऐकणारे आपण एकटेच आहोत असे वाटणाऱ्यांपैकी 85 टक्के लोकांनी झटका संपण्याआधी मदतीसाठी धाव घेतली. आणखी चौघे ऐकत आहेत असे वाटणाऱ्यांत हे प्रमाण 31 टक्क्यांवर आले. मॅडमनी वर्गात शिकवलेला तो प्रयोग वस्तीत नावांच्या रूपाने अमलात आणला होता. ज्या बाईंना आजारी नवऱ्याला सोडून औषध आणायला जाता येत नसे, त्यांच्या नावापुढे कोणत्या वारी त्यांच्या घरी कोण बसणार हे वहीत नावानिशी लिहिलेले सापडते आणि ती माणसे खरोखर बसत असत, असे त्या बाईंनी मला सांगितले.

याच प्रयोगाशी जोडलेली त्यांची व्याख्यानाची वहीही बोलकी आहे. 1964 मध्ये न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीस या तरुणीचा खून होत असताना 38 जण नुसते पाहत राहिले, ही कथा पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. 2007 मध्ये रेचेल मॅनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुरावे तपासून ही कथा त्या रूपात टिकत नाही असे दाखवले. मॅडमच्या जुन्या वहीत ती कथा आहे. नव्या वहीत त्यावर रेघ मारून समासात 'प्रयोग ठेवा, कथा सोडा' असे लिहिले आहे. 2015 मध्ये मानसशास्त्रातले 100 अभ्यास पुन्हा करून पाहिल्यावर त्यांतल्या जेमतेम 36 टक्क्यांत सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय निष्कर्ष मिळाले, तेव्हा निवृत्तीला फारसा काळ उरला नसतानाही त्यांनी आपली व्याख्याने मुळापासून तपासायला घेतली. त्या काळातल्या त्यांच्या वह्या मी पुस्तिकेसाठी पानोपानी वाचल्या. त्यांत वैताग नाही, बचावाचा सूर नाही. फक्त कोणता निष्कर्ष किती पुराव्यावर उभा आहे याच्या नोंदी आहेत. प्राध्यापक म्हणून त्यांच्याविषयी मला सर्वाधिक आदर वाटतो तो या पानांमुळे.

एकदा वस्तीत मोठी आग लागून अनेक कुटुंबे रात्रीत बेघर झाली होती. दुसऱ्या दिवशी काही हितचिंतकांनी सुचवले की सगळ्यांना एकत्र बसवून घडलेल्या प्रसंगाविषयी बोलते करावे, म्हणजे मन हलके होईल. मॅडमनी त्याला नकार दिला. आपत्तीनंतर लगेच एकाच बैठकीत माणसांना प्रसंग पुन्हा जगायला लावण्याने पुढचा मानसिक त्रास टळतो याला संशोधनाचा आधार मिळालेला नाही आणि काही अभ्यासांत अशा बैठकीनंतर त्रास वाढल्याचेही दिसले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेत पाहा, ऐका आणि जोडून द्या अशी तीन कामे सांगितली आहेत. त्या दिवशी मॅडमनी नेमके तेच केले, असे तेथे हजर असलेल्या माणसांच्या कथनांवरून दिसते: कोण कोणापासून दुरावले आहे याची यादी, लहान मुलांना निजायला शांत जागा, दूरध्वनी करायची सोय, हरवलेल्या कागदपत्रांसाठी अर्ज लिहून देणारी माणसे. ज्याला बोलायचे होते त्याच्याजवळ त्या बसल्या; जो गप्प होता त्याला गप्प राहू दिले. आज प्रौढ झालेल्या एका मुलाने मला सांगितले की मॅडम काही न विचारता आपल्या शेजारी बसून होत्या, एवढेच त्याला आठवते.

लेखनाच्या शेवटच्या टप्प्यात एरिक एरिक्सन यांच्या सिद्धांताचा आधार घेऊन आयुष्याची मांडणी करावी, असा मोह मला झाला होता. आठ अवस्थांपैकी सातव्या अवस्थेत पुढच्या पिढीसाठी काही घडवून ठेवण्याची आस असते, हे त्यांचे प्रतिपादन मॅडमच्या आयुष्याला सहज लागू पडते. पण सहज लागू पडते म्हणूनच मी ते बाजूला ठेवले. मॅडमचे घर, वर्ग आणि वस्ती ही त्यांच्या आयुष्याची वेगवेगळी प्रकरणे नव्हती. सासूबाईंजवळ बसून सुचलेले त्या गटात आणत, गटात कळलेले वर्गात सांगत आणि वर्गात तपासलेले घरी पाळत. त्यामुळे पुस्तिकेची मांडणी कालक्रमानेही केली नाही आणि अवस्थांप्रमाणेही केली नाही. प्रत्येक प्रकरण एका माणसापासून सुरू होते, आणि तो माणूस मॅडमच्या आयुष्याच्या ज्या भागाला ओळखत होता तेवढाच भाग त्यात येतो. जेथे दोन कथने जुळत नाहीत तेथे ती जुळत नाहीत असे स्पष्ट लिहिले आहे.

छपाईआधी संपूर्ण मजकूर घरच्यांना वाचून दाखवला. वाचन काही संध्याकाळी चालले, कारण अधूनमधून थांबावे लागे. पतींनी दोन ठिकाणी बदल सुचवले. दोन्ही बदल स्वतःविषयीची स्तुती कमी करणारे होते आणि मी ते केले. मुलीने आपला परिच्छेद जसाच्या तसा ठेवला. ज्यांनी आपल्या दुःखाविषयी सांगितले होते त्या प्रत्येकाकडून लेखी संमती पुन्हा घेतली. एका बाईंनी ती नाकारली, तेव्हा त्यांचे प्रकरण काढून टाकले आणि ध्वनिमुद्रण त्यांना परत दिले. उरलेली ध्वनिमुद्रणे, सभांच्या वह्या आणि व्याख्यानांच्या दोन्ही प्रती कुटुंबाच्या परवानगीने विभागाच्या ग्रंथालयात ठेवल्या आहेत, आणि काळजीवाहकांच्या गटाची चालू वही अर्थातच गटाकडेच आहे, कारण ती अजून लिहिली जात आहे.